दोन बाळंतपणांमधली ऐपत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, ठाणे



हे पत्र जांभूळहून लिहीत आहे, आणि ते अंबरनाथ तालुक्यातल्या बायकांच्या दोन बाळंतपणांमधल्या अंतराविषयी आहे. आरोग्य खात्याच्या आढाव्यात हा विषय कुटुंबनियोजनाच्या एखाद्या रकान्यात येतो आणि नसबंदीच्या आकड्यांखाली दबून जातो. तो दबू नये म्हणून हे जाहीर लिहिणे. या प्रश्नाकडे पाहायला जांभूळसारखी दुसरी जागा नाही. बारवीचे पाणी इथल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या केंद्रात शुद्ध होते आणि आसपासची शहरे, कारखाने त्यावर चालतात. एकीकडे बदलापूर-अंबरनाथच्या नव्या सोसायट्या, दुसरीकडे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर, मधल्या पट्ट्यात जुनी आगरी-कुणबी घरे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कंत्राटी कामगार, आणि पावसाळा सरला की वीटभट्ट्यांकडे निघणारी कातकरी कुटुंबे. ऐपतीच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या इथे काही किलोमीटरच्या आत सापडतात. घरात चार पैसे आले की दोन मुलांत अंतर आपोआप पडते, असा समज अधिकाऱ्यांमध्येही आहे आणि लोकांमध्येही. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. पैसा या बाबतीत जे मिळवून देतो त्यातले बरेचसे जिल्हा परिषद पैशाची वाट न पाहता देऊ शकते. आणि ते ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, नेमक्या त्याच घरांत कमी अंतराचा फटका सर्वांत जास्त बसतो.

आधी पुरावा काय सांगतो ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तज्ज्ञांची बैठक घेऊन शिफारस केली, की एका मुलाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्यावेत. म्हणजे दोन जन्मांमध्ये पावणेतीन वर्षांच्या आसपास अंतर असावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातले मधले अंतर साधारण 32 महिने निघाले. ऐकायला हे शिफारशीच्या जवळच आहे. पण मधला आकडा निम्म्या लोकांची गोष्ट झाकतो, आणि पहिल्यानंतरच्या जन्मांपैकी चारात एकाहून अधिक जन्म आधीच्या जन्मानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत झालेले होते. अशा घाईच्या जन्मांमध्ये अर्भकमृत्यूचे प्रमाण तीन-चार वर्षांच्या अंतराने झालेल्या जन्मांच्या दुपटीच्या आसपास राहते, हे या सर्वेक्षणांच्या फेऱ्यांमधून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि संपत्तीच्या पाच गटांत लोकसंख्या विभागली की सर्वांत गरीब गटात अंतर सर्वांत कमी आणि सर्वांत सधन गटात सर्वांत जास्त, हा कलही टिकून आहे. मुलांच्या संख्येतही तोच उतार आहे. पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, देशातल्या सर्वांत गरीब गटाचा एकूण जननदर 2.6 होता आणि सर्वांत सधन गटाचा 1.6.

इथपर्यंत कोणी वाद घालणार नाही. वाद पुढे सुरू होतो, कारण पैशामुळे अंतर वाढते असे म्हटले तरी पैसा नेमके काय करतो हे त्यातून कळत नाही. एक गोष्ट तर उलटी आहे. निसर्गाने बाईला दिलेले अंतराचे साधन म्हणजे अंगावर पाजणे. बाळ फक्त आईच्या दुधावर असताना पाळी लांबते. गरीब घरांत मूल वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षे अंगावर पिते; सधन घरांत डब्याची पावडर लवकर येते. केवळ शरीरावर सोडले असते तर श्रीमंत घरांत पाळणा अधिक लवकर हलायला हवा होता. तो हलत नाही, कारण त्या घरांत दूध सुटण्याच्या आधीच दुसरी व्यवस्था झालेली असते. गरीब घरात नेमका हाच सांधा निसटतो. पाळी आलेली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर महिने जातात. तो भरवसा फक्त पहिल्या सहा महिन्यांपुरता, तोही वरचे काहीच दिले नसेल तरच, खरा असतो. त्यानंतर पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात, आणि ते लक्षात येते तोवर तिसरा-चौथा महिना लागलेला असतो.

मग पैसा करतो तरी काय? पहिली गोष्ट, तो मुलाला जगवतो. तान्हे मूल गेले की पाजणे थांबते, पाळी परत येते आणि रिकाम्या मांडीची हळहळ पुढचे बाळंतपण लवकर आणते. ज्या घरात मुले जगतात तिथे ही घाई नसते. दुसरे म्हणजे तो मुलीला शाळा-कॉलेजात ठेवतो आणि लग्न पुढे ढकलतो. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, हा पाचव्या फेरीतला आकडा. ही लग्ने कोणत्या घरांत होतात ते सांगायला नको. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पैसा परत दवाखान्यात जाण्याची सोय देतो. तांबी बसवणे फुकट आहे, अंतरा इंजेक्शन फुकट आहे, छाया गोळ्या फुकट आहेत. 2017 पासून अंतरा आणि छाया ही दोन नवी साधनेही सरकारी यंत्रणेत आली. पण तांबी बसवल्यानंतर पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकते. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला रक्तस्राव वाढला की तिला डॉक्टरकडून धीर हवा असतो, लोहाच्या गोळ्या हव्या असतात, आणि नकोच वाटले तर तांबी काढून घेण्याची मोकळीक हवी असते. अंतराचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. दर तीन महिन्यांनी म्हणजे वर्षाला चार खाडे. पगारी नोकरी असलेल्या घरात खाड्याची रजा होते. रोजावर जाणाऱ्या बाईचा तेवढा रोज बुडतो, आणि वर रिक्षाचे भाडे लागते. साधन मोफत आहे, ते वापरत राहणे मोफत नाही. ऐपतीचा परिणाम इथे घडतो, आणि आपल्या अहवालात त्याला जागा नाही.

आणखी एक बाब लिहायला संकोच वाटतो, पण ती लिहायलाच हवी. दहा बाय दहाच्या खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुले एकत्र झोपत असतील, तर निरोध ठेवायला कपाट नसते, गोळ्यांचे पाकीट लपवायला जागा नसते आणि नवरा-बायकोला या विषयावर बोलायला आडोसा नसतो. सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे खोलीत राहणाऱ्या बाईला असे साधन लागते, जे एकदा घेतले की रोज आठवावे आणि लपवावे लागत नाही. ती निवड तिच्यासमोर नीट ठेवणे हे यंत्रणेचे काम आहे.

आता या प्रश्नाचा जो भाग मला सर्वांत गंभीर वाटतो त्याकडे येते. कमी अंतराचा धोका सगळ्या घरांत सारखा नसतो. श्रीमंत देशांत एकाच आईच्या वेगवेगळ्या बाळंतपणांची तुलना करणारे अभ्यास झाले, तेव्हा कमी अंतरामुळे बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होते हा संबंध बराच सैल पडला. त्यावरून काही जण म्हणतात की अंतराचा बाऊ करू नये, खरे कारण गरिबी आहे. हा आक्षेप हलका नाही. पण हीच पद्धत वापरून 77 देशांच्या सर्वेक्षणांतली लक्षावधी मुले तपासणारा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की जिथे आई शिकलेली नाही आणि देश मागासलेला आहे, तिथे कमी अंतराने मुलांचे मृत्यू खरोखर वाढतात. आईचे शिक्षण आणि देशाची स्थिती सुधारत जाते तसा तो परिणाम विरत जातो. याचा आपल्या तालुक्यापुरता अर्थ असा, की बदलापूरच्या एखाद्या इमारतीत उशिरा लग्न झालेली नोकरदार बाई दोन मुले वीस महिन्यांच्या अंतराने होऊ देते, तेव्हा तिच्या मागे सकस आहार, कामाला बाई, जवळ बालरोगतज्ज्ञ असतो. तेच वीस महिने वीटभट्टीवरच्या बाईच्या वाट्याला आले, तर पहिल्या मुलाच्या तोंडचे दूध तुटते, दुसरे कमी वजनाचे जन्मते आणि आईचे रक्त भरून यायला अवसरच मिळत नाही. गरीब घरात अंतर कमी पडण्याची शक्यता जास्त, आणि कमी पडलेले अंतर सोसण्याची ताकद सर्वांत कमी. एकच ओझे दोन बाजूंनी येते. म्हणून गरिबी हे कारण आहे असे म्हणून अंतराचा विषय बाजूला सारता येणार नाही. उलट त्याच कारणाने तो गरीब वस्तीत आधी न्यायला हवा.

यावर आपल्या खात्यातून येणारे उत्तर ठरलेले आहे. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 वर आला होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या पातळीच्याही खाली. मग हा आग्रह कशासाठी? पण मुले किती आणि मुले कधी, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्या राज्यात विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, तर पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. नसबंदीच्या वेळचे बाईचे मधले वय देशात पंचवीस-सव्वीस आहे. याचा सरळ हिशेब मांडून पाहा. विसाव्या वर्षाच्या आगेमागे लग्न, वर्षभरात पहिले मूल, पाठोपाठ दुसरे, आणि पंचविशीत ऑपरेशन. मुले दोनच, पण ती चार-पाच वर्षांत कोंबलेली. जननदराच्या आकड्यावर खूश असलेल्या यंत्रणेला हे दिसत नाही, कारण तिच्या दृष्टीने हे जोडपे यशस्वी ठरते. पाळणा थांबवण्यात आपण देशात पुढे गेलो, पण तो लांबवण्याकडे मात्र कधी गंभीरपणे पाहिलेच नाही.

सरकारी योजनांचा कलही तसाच आहे. 2023 च्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतल्या मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण 1 लाख 1 हजार रुपये मिळतात, ही चांगली गोष्ट. पण पुढच्या हप्त्यांसाठी आई किंवा वडिलांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र लागते. अंतर ठेवणाऱ्या, तांबी वापरणाऱ्या जोडप्याच्या कागदाला त्या योजनेत मोल नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5 हजार आणि दुसरे मूल मुलगी असेल तर 6 हजार रुपये आहेत. दुसरे मूल मुलगा असेल तर त्या बाळंतिणीच्या हाती काहीच पडत नाही, जणू मुलगा जन्माला घालताना बाईचे रक्त कमी खर्च होते. केंद्राने 2012 पासून आशाताईंसाठी लग्नानंतर दोन वर्षे आणि पहिल्या मुलानंतर तीन वर्षे अंतर राखले गेल्यास 500-500 रुपयांचा, तर दोन मुलांवर कायमची शस्त्रक्रिया झाल्यास 1,000 रुपयांचा मोबदला आखला. यावर दोष आशाताईंना देता येत नाही. तीन वर्षे एका घराचा उंबरा झिजवून जे मिळते त्याच्या दुप्पट एका दिवसाच्या शस्त्रक्रियेतून मिळत असेल, तर कामाचा ओघ कुठे वळेल हे ठरवणाऱ्यांनीच ठरवून टाकले आहे.

दुसरा आक्षेप खुद्द बायकांकडून येतो, आणि त्याचे उत्तर आदराने द्यायला हवे. दोन्ही मुले लागोपाठ झाली की एकदाचे उरकते, मग ऑपरेशन करून कामाला लागता येते, असे रोजंदारीवरच्या कितीतरी बायका म्हणतात. हे अज्ञान नाही. आपल्या ऐपतीत बसणारा तो हिशेब आहे. लहान मूल सांभाळायला कोणी नाही, पाळणाघर परवडत नाही, काम सुटले की जागा जाते. मग तान्ह्या मुलांची वर्षे एकत्र उरकली तर एकूण बुडणारी मजुरी कमी. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेल्या बाईच्या हाती ती क्वचितच येते. या हिशेबाला भाषणाने उत्तर देता येणार नाही. त्यातल्या रकमा बदलल्या तरच तो बदलेल: अंगणवाडीच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळल्या, वस्तीत पाळणाघर आले, इंजेक्शनसाठी रोज बुडाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना हाच धागा धरला होता, की बाळंतिणीच्या विश्रांतीत साऱ्या देशाचे हित आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. दहा वर्षांनी, 1938 मध्ये, संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव त्यांच्या पक्षाने त्याच मुंबईत मांडला, तो मात्र फेटाळला गेला. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि त्या कार्यासाठी प्राध्यापकी गमावली. या प्रांताला हा विषय नवा नाही. बाईच्या शरीराचा, तिच्या मजुरीचा आणि तिच्या निवडीचा विचार एकत्र करायची रीत आपल्याच लोकांनी घालून दिली होती.

तिसरा आक्षेप जबरदस्तीचा. 1976 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही, पण लोकांच्या मनात जी धास्ती बसली ती पुढे कित्येक वर्षे कुटुंबनियोजनाच्या नर्सबाईच्या आड आली. म्हणून मी उद्दिष्टे मागत नाही. अंतराचेही उद्दिष्ट नको, कारण उद्दिष्ट आले की न विचारता तांबी बसवली जाते. दंड नको आणि बक्षीसही फारसे नको. सातारा जिल्हा परिषदेने 2007 मध्ये पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला 5 हजार आणि तीन वर्षे लांबवणाऱ्याला 7 हजार 500 रुपये देण्याची योजना काढली होती, वर्तमानपत्रांनी तिला हनिमून पॅकेज म्हटले. पहिल्या बाळंतपणाचे वय पुढे नेण्याचा तो हेतू स्तुत्य होता. एका जिल्हा परिषदेला स्वतःहून असा विचार करता येतो, हेही तिने दाखवले. तरीही रोख बक्षिसाची अडचण अशी, की ते थांबू शकणाऱ्याला मिळते; जिच्या सासरी थांबण्यावर तिचा शब्दच चालत नाही, तिच्या हाती ते पोचत नाही. बक्षिसाचा पैसा सेवेत घातला तर तो तिच्यापर्यंत जातो.

चौथा युक्तिवाद वरून समजूतदार दिसतो, म्हणून त्याची भीती जास्त: तालुका झपाट्याने वाढतो आहे, घरे सुधारत आहेत, दहा-वीस वर्षांत हे आपोआप होईल. जामखेडचे उदाहरण याला पुरेसे उत्तर आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले तेव्हा तिथे अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी पावणेदोनशेच्या घरात होते. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून त्यांनी तयार केले, आणि घरे पैशाने श्रीमंत व्हायच्या आधीच मुले जगू लागली, जन्मदर उतरला. संबंधाची दुसरी दिशाही आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात 1977 पासून काही गावांत घरोघरी संततिनियमनाची साधने आणि माता-बालसेवा पोचवली, शेजारच्या गावांत नेहमीचीच सरकारी सेवा राहिली. वीसेक वर्षांनी पाहिले तेव्हा सेवा मिळालेल्या गावांत बायकांची प्रकृती बरी होती, आणि त्यांच्या घरांची मालमत्ताही जास्त होती. म्हणजे पैशाने अंतर येते हे जितके खरे, तितकेच अंतराने पैसा साठतो हेही खरे. आपण पहिल्याची वाट पाहत बसलो तर दुसरे हातचे जाते. आणि नुसती सुबत्ता आली म्हणजे सगळे बरेच होते, असेही नाही. सधन घरांतले काही लांब अंतर मुलीचे गर्भ पाडून मिळालेले असते, हे महाराष्ट्राला माहीत आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये इथेच झाला, तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या होत्या. नुसते मोठे अंतर हे आरोग्याचे लक्षण मानता येत नाही. ते कशाने आले, हे पाहावे लागते.

पाहायचे तर आधी मोजावे लागेल, आणि इथे जिल्हा परिषदेचे काम सुरू होते. राष्ट्रीय सर्वेक्षणातली संपत्ती घराच्या भिंती, शौचालय, वीज, टीव्ही, दुचाकी यांवरून देशभर एकाच मापाने ठरते. त्या मापाने आमच्याकडची भाड्याच्या पक्क्या खोलीत मोबाइल आणि टीव्ही घेऊन राहणारी कर्जबाजारी कुटुंबेही वरच्या गटांत जाऊन बसतात, आणि तालुका सधन दिसू लागतो. जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आईचे लग्नाच्या वेळचे वय असते, हे कितवे मूल तेही असते, पण आधीच्या मुलाची जन्मतारीख विचारलेली नसते. त्यामुळे तिथून अंतर काढता येत नाही. ते निघू शकते उपकेंद्राच्या माता-बाल नोंदवहीतून, जिथे आशाताई आणि परिचारिका प्रत्येक गरोदर बाईची नोंद करतात. त्या नोंदीत आधीच्या मुलाची जन्मतारीख, ते मूल हयात आहे की नाही, आणि शिधापत्रिकेचा रंग, एवढे जोडा. शिधापत्रिका हे ऐपतीचे चोख माप नाही, आणि कातकरी कुटुंबांत कित्येकांकडे ती नसतेच. पण नसणे हीसुद्धा नोंदच आहे, कदाचित सर्वांत बोलकी. एका वर्षात आपल्याला गावनिहाय कळेल की कोणाचे अंतर किती आहे.

मोजणी चालू असताना सेवाही थांबायला नको. बाळाला लस द्यायला आई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात येते, मग नवव्या महिन्यात, मग सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात. अंतराचा निर्णय ज्या दोन वर्षांत व्हायचा, त्याच दोन वर्षांत ती पाच वेळा आपल्या दारात उभी असते. प्रत्येक वेळी तिला विचारले जावे, साधन तिथेच मिळावे, वेगळी खेप पडू नये. चौदाव्या आठवड्याची भेट यात सर्वांत मोलाची, कारण सहा महिन्यांचा भरवसा संपण्याआधीचा तो शेवटचा मुक्काम आहे. लसीकरणाच्या एखाद्या दिवशी संध्याकाळची वेळही ठेवावी, म्हणजे कारखान्यातून सुटलेला नवरा सोबत येऊ शकेल. या चर्चेत पुरुष नसतोच, आणि निरोधापासून ते शस्त्रक्रियेपर्यंत सगळे बाईवर पडते. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात तालुक्यातल्या कितीतरी बायका बाळंत होतात. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, बाईने आधीच विचार करून होकार दिला असेल तर, तांबी बसवता येते. तो विचार प्रसूतीच्या कळांमध्ये होऊ शकत नाही, तो गरोदरपणातल्या तपासणीत उपकेंद्रावर व्हायला हवा. आणि बसवलेली तांबी नको झाली तर त्याच उपकेंद्रात, कारण न विचारता, काढून मिळेल असे लेखी फलक लावावेत. काढून मिळण्याची खात्री असली तरच बसवून घेण्याचा धीर होतो.

राहिली वीटभट्ट्यांची गोष्ट. कातकरी कुटुंबे आगाऊ उचल घेऊन दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळा संपता संपता परततात. इंजेक्शनची तारीख भट्टीवर उलटते, गोळ्या संपतात, लसीकरणाचे कार्ड घरी राहते. जिल्ह्यातल्या ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ यांच्या सीमा या कुटुंबांसाठी नसतात. नोंदी मात्र गावाच्या सीमेत अडकतात. यंदा दिवाळीआधी तालुक्यातल्या आदिवासी वाड्यांवर परिचारिकांनी जावे, निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात पुढच्या साधनाची तारीख असलेले कार्ड द्यावे, आणि भट्टी ज्या उपकेंद्राच्या हद्दीत आहे त्या उपकेंद्राला तिचे नाव कळवावे. भट्टीमालकांची यादी महसूल खात्याकडे असते, ती मागून घ्यावी. यासाठी नव्या योजनेची किंवा नव्या निधीची गरज नाही. दोन उपकेंद्रांमधला एक फोन आणि महिन्यातून एकदा भट्टीवर जाणारी गाडी एवढे लागते. आरोग्य समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि काय ठरले ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, अशी विनंती आहे.

कळावे,
जांभूळची एक रहिवासी
ता. अंबरनाथ, जि. ठाणे